घुमणारा दिवाणखाना

चांदे आणि नांदे ही मुळशी तालुक्यातली दोन शेजारशेजारची गावे. इकडचे लोक त्यांचे नाव जोडीनेच घेतात. गेल्या वर्षी पुण्याच्या पेठेतला वाडा सोडून आम्ही चांद्याला नव्या घरात राहायला आलो, त्याच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एक गृहस्थ तांदळाचे पोते घेऊन दारात आले आणि म्हणाले, "नांद्याहून आलोय." आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसले होते. ते उत्तरले, "चांद्याहून? अहो, मग आपण गाववालेच की!" ते गृहस्थ पुन्हा म्हणाले, "नांद्याहून, नांद्याहून." अण्णा हसून म्हणाले, "हो हो, चांदेच." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. श्रोतेहो, ते हसणे मला पुढे फार दिवस टोचत राहिले.

तुमच्यापैकी कित्येकांनी अलीकडे नवे घर घेतले असेल. जुन्या दोन खोल्यांतून माणूस मोठ्या घरात येतो, तेव्हा त्याला पहिली हौस असते ती ऐसपैस दिवाणखान्याची. आम्हालाही होती. नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद, सव्वातीन मीटरच्या आसपास उंच अशी आमची खोली. खाली आरशासारख्या गुळगुळीत फरश्या, वर सिमेंटचा स्लॅब, तीन बाजूंना गिलावा केलेल्या भिंती आणि चौथ्या बाजूला सरकत्या काचेची दारे. त्या काचेतून भाताची खाचरे दिसतात आणि खाचरांच्या पलीकडे आमच्यासारख्याच नव्या इमारती. सामान मोजके. स्वच्छ, मोकळे, डोळ्यांना सुख देणारे सगळे. कानांचा विचार कुणी केला नव्हता.

अण्णांना रेडिओचे वेड. वाड्यात त्यांच्या उशाशी, हात लांबवला की लागेल अशा फळीवर एक लहानसा संच असे. पहाटेची भक्तिगीते, बातम्या, कीर्तन, रात्रीची संगीतसभा, सगळे त्या चिमुकल्या पेटीतून चाले. नव्या घरात ती पेटी ठेवणे मला कमीपणाचे वाटले. बुधवार पेठेत एका दुकानात गेलो. दुकानदाराने आतल्या खोलीत नेऊन कमरेइतक्या उंचीचे दोन स्पीकर ऐकवले. काय तो आवाज! भीमसेनांचा षड्ज लागला आणि अंगावर काटा आला. किंमत विचारली, मनाशी थोडा संकोच केला, आणि घेऊन आलो. दिवाणखान्याच्या एका टोकाला, भिंतीला टेकवून, दोन कोपऱ्यांत ते उभे केले. अण्णांची खुर्ची दुसऱ्या टोकाला, उजेडाशी.

दोन दिवसांनी अण्णा म्हणाले, "शब्द कळत नाहीत रे." मी आवाज वाढवला. ते म्हणाले, "आवाज मोठा झाला. शब्द होते तिथेच आहेत." हे त्यांचे वाक्य शास्त्रीय दृष्ट्या किती बिनचूक होते हे मला तेव्हा कळले नाही. मी मनात म्हटले, वय झाले. आणि वाईट एवढेच नाही, त्यांनाही तेच पटले. "माझे कान गेले," असे त्यांनी जाहीर करून टाकले. हळूहळू रेडिओ बंद झाला. पाहुणे आले की ते नुसती मान डोलावू लागले. पुढे पुढे पाहुणे येण्याच्या वेळी आपल्या खोलीत जाऊन बसू लागले. ऐकण्याचा छंद असलेला माणूस घरातल्या घरात असा दूर जाताना पाहणे फार अवघड असते.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणी झाली. ते म्हणाले, "वयाच्या मानाने कान चांगले आहेत. बारीक, उंच पट्टीचे आवाज थोडे कमी येतात, ते या वयात व्हायचेच." मग त्यांनी अण्णांना विचारले, "ऐकू कुठे येत नाही?" अण्णा म्हणाले, "घरात. अंगणात येते." डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "मग यंत्र घेण्याआधी घर एकदा तपासून बघा."

घर तपासायला आले आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे एक सहकारी. मी मराठी शिकवतो, मला यातले काय कळणार? त्यांनी खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवली आणि बोट वर करून थांबले. टाळी वाजून गेली, पण तिची शेपटी हवेत लोळत राहिली. तुम्हीही आज घरी जाऊन हा प्रयोग करा. टाळी 'टप्' अशी मरून गेली तर काळजी नाही. ती झणझणत विझत गेली तर मात्र मी पुढे सांगतो ते ध्यानात घ्या.

आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे आमच्या दिवाणखान्याची लांबी तो एका सेकंदात पस्तीस-चाळीस वेळा ओलांडील. स्पीकरमधून निघालेला शब्द अण्णांच्या कानापर्यंत एकदा थेट येतो. पण तोच शब्द फरशीवर आपटून येतो, छताला लागून येतो, काचेवरून येतो, तिथून भिंतीवर जाऊन पुन्हा येतो. पहिल्या काही क्षणांत, म्हणजे सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागात आलेली परतफेड कान मूळ आवाजातच मिळवून घेतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये हे नीट मोजून दाखवले. तेवढी परतफेड उपकारकच असते. त्यानंतर जी येत राहते ती मात्र पुढच्या शब्दावर सांडते. याला आपल्या भाषेत घुमणे म्हणतात; मी त्या शेपटीला घुमारा म्हणेन.

आता माझ्या विषयातले थोडे. शब्दात जोर असतो स्वरांत आणि अर्थ असतो बराचसा व्यंजनांत. 'आ' लांब, भरदार; 'च', 'त', 'प', 'स' हे क्षणात येऊन जाणारे, बारीक आणि दुबळे. घुमणाऱ्या खोलीत मागच्या शब्दातला 'आ' अजून रेंगाळत असतो आणि पुढचे व्यंजन त्यात बुडून जाते. चांदे काय आणि नांदे काय, पहिले व्यंजन बुडाले की दोन्हीतून 'आंदे' उरते. तरुण कान उरलेल्या अक्षरांवरून अंदाजाने शब्द भरून काढतो. म्हाताऱ्या कानाला व्यंजने मुळातच फिकट येतात, त्याच्यापाशी भरून काढायला भांडवल थोडे. एकाच खोलीत मला ऐकू येत होते आणि अण्णांना येत नव्हते, त्याचे कारण हे.

आणि आवाज वाढवून उपयोग का नाही, तेही यातच आले. तुम्ही थेट आवाज दुप्पट केलात की घुमाराही दुप्पट होतो. दोघांचे प्रमाण होते तेच राहते. खीर आळणी झाली म्हणून वाटीऐवजी पातेलेभर वाढली, तर गोडी येत नाही.

हे कोडे पहिल्यांदा नीट सोडवले ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये तिथे एक नवे व्याख्यानगृह बांधून झाले आणि त्यात बोललेला एकही शब्द कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही! सॅबाइनने काय करावे? शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून आवाज विझायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचे, आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचे, आणि सकाळ व्हायच्या आत सगळ्या गाद्या परत नेऊन ठेवायच्या. अशा कित्येक रात्री. त्यातून जो नियम निघाला तो आजही जगभर वापरतात: खोलीचे घनफळ जितके जास्त तितका घुमारा लांब, आणि आवाज पिऊन टाकणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका तो आखूड. १९०० मध्ये उघडलेले बॉस्टनचे संगीतगृह त्यानेच या नियमाच्या आधारे सांभाळले.

मला सर्वांत आवडले ते त्याचे माप. आवाज पिण्याचे माप म्हणून त्याने घेतली उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. तेव्हा एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक माप. गुळगुळीत फरशी शंभरातला एखाददुसरा भागच पिते, म्हणजे शंभर चौरस मीटर फरशी असली तरी ती जेमतेम एकदोन खिडक्यांच्या तोलाची. चुण्या घालून सोडलेला जाड पडदा साधारण निम्म्या खिडकीइतका. कपडे घातलेला माणूससुद्धा जवळजवळ निम्म्या खिडकीचा. सहकाऱ्यांनी आमच्या खोलीचा हिशोब कागदावर मांडला. घनफळ सुमारे १७३ घनमीटर, आणि सोफा, माणसे धरून सारी मिळून आवाज पिणारी मापे फक्त बारा. घुमारा निघाला सव्वादोन सेकंदांच्या वर. बोलणे स्पष्ट कळायला तो पाऊण सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा.

"दार उघडा," ते म्हणाले. काचेची दारे सरकवली. सहासाडेसहा मापांची खिडकी फुकटात मिळाली. अण्णा आपल्या खोलीतून बाहेर येऊन विचारू लागले, "काय रे, काय केलंत? बोलणं कळतंय." दार कायम उघडे ठेवता येत नाही, हे खरे, संध्याकाळी डास येतात आणि दिवसा रस्त्यावरच्या खडी-वाळूच्या गाड्या. पण दोष कुणाचा हे त्या एका क्षणात ठरले. कान निर्दोष सुटले.

मग मला वाडा आठवला. मातीच्या भिंती, लाकडी कडीपाट, कोनाडे, फडताळे, दोरीवरचे कपडे, बैठकीच्या खोलीत जाजम, गाद्या, लोड, तक्के. लाकडी छत जाड, खालच्या पट्टीचा आवाजही थोडा हलून पिऊन टाकते. काँक्रीटचा स्लॅब तो जसाच्या तसा परत पाठवतो. आपल्या गाण्याच्या बैठकी गादी-लोडांवर झाल्या त्या काही आवाजशास्त्र वाचून नव्हे, पण कानाला काय हवे ते त्या मांडणीत आपोआप होते. गावोगावच्या देवळांचे लाकडी सभामंडप पाहा: बाजू उघड्या, श्रोते कीर्तनकाराच्या पायाशी. गाभाऱ्यात ॐकार घुमतो तो सुंदरच वाटतो, कारण तिथे एकच स्वर धरायचा असतो. निरूपण मात्र मंडपात. पुण्यात १९५३ पासून होत आलेला सवाई गंधर्व महोत्सवही कापडाच्या मंडपाखालीच रंगत आला. उलट विजापूरच्या गोलघुमटात आपण घुमणे ऐकायला म्हणूनच जातो. मुहम्मद आदिलशहाच्या त्या कबरीवरच्या सज्जात एका टोकाला कुजबुजले की घुमटापलीकडे ऐकू येते आणि टाळी पुन्हापुन्हा परत येते. मुलांना गंमत वाटते. तिथे बसून कुणाला बातम्या ऐकायच्या नसतात.

आता स्पीकरकडे येतो, कारण तुम्ही वाट पाहत असाल.

प्रत्येक खोलीत स्पीकरपासून एक अंतर असे असते की त्याच्या आत थेट आवाजाचे राज्य आणि बाहेर घुमाऱ्याचे. आमच्या मोकळ्या खोलीत, चहूकडे सारखा आवाज फेकणाऱ्या स्पीकरसाठी, ते अंतर निघाले फक्त अर्धा मीटर! अण्णा बसत होते सात मीटरवर. म्हणजे ते स्पीकर ऐकतच नव्हते, भिंती ऐकत होते. यातून निवडीचे पहिले सूत्र निघते, आणि ते वॅटच्या आकड्याचे नाही. स्पीकर आवाज किती मोठा काढतो याहून तो कुठे फेकतो हे महत्त्वाचे. जो पुढच्या बाजूला, ऐकणाऱ्याच्या दिशेने आवाज रोखून पाठवतो तो कठीण भिंतींच्या खोलीला मानवतो. बारीक आवाजाच्या पडद्यापुढे पसरट तोंडाचा छोटा कर्णा बसवलेले स्पीकर मिळतात, ते चांगले. एकाच्या पोटात दुसरा पडदा बसवलेले, म्हणजे एककेंद्री, त्यांतलेही काही चांगले. काही स्पीकर पुढे-मागे आवाज टाकतात पण बाजूंना जवळजवळ टाकतच नाहीत. १९५७ मध्ये इंग्लंडात निघालेला क्वाडचा विद्युतस्थितिक स्पीकर या जातीचा. तोही चालतो, फक्त त्याच्या पाठीमागे भरपूर जागा आणि एखादा जाड पडदा हवा.

उलट, डब्यासारखे गोल, चारी दिशांना आवाज देणारे स्पीकर, छताकडे तोंड केलेले स्पीकर, भिंतीवर आवाज आपटवण्यासाठीच बनवलेले स्पीकर, हे गाद्या-पडद्यांच्या खोलीत मोठे गोड लागतात. अमर बोस यांच्या १९६८ सालच्या प्रसिद्ध स्पीकरमध्ये नऊ पडद्यांपैकी आठ मागे भिंतीकडे तोंड करून होते. त्यात चतुराई होती यात शंका नाही. पण ज्या घरात भिंतीच आधी बोलत आहेत तिथे त्यांना आणखी बोलते करू नये, असे माझे मत.

हे दुकानात ओळखायचे कसे? बाहेरून दिसते थोडेच. तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसाचे बोलणे, निरूपण किंवा बातम्या, सोबत न्या. गाणे सगळीकडे थोडेफार चांगलेच लागते. बोलणे फसवत नाही. आधी स्पीकरच्या समोर बसून ऐका. मग उठून हळूहळू बाजूला चालत जा. बाजूला जाताना आवाज सावकाश, एकसारखा मंद होत गेला तर माल चांगला. तो मध्येच पोकळ, नाकात बोलल्यासारखा झाला तर ठेवून द्या. बाजूला गेलेला आवाजच तुमच्या भिंतींवरून परत येणार आहे. तो बिघडलेला असेल तर सारी खोली त्या बिघाडाने भरेल. आणि दुकानाची खोली बघून घ्या. मी ऐकले त्या खोलीत जमिनीवर गालिचा होता, भिंतींवर पडदे होते. मी खरे तर ती खोलीच पसंत केली होती, आणि ती काही दुकानदाराने मला बांधून दिली नाही. म्हणून दोनचार दिवस घरी लावून बघू देतील तिथेच घ्यावे, चार पैसे जास्त पडले तरी.

मोठा की लहान? मोठ्या खोलीला मोठा स्पीकर हा हिशोब वरवर बरोबर दिसतो. पण ऐकणारे एकदोनच असतील तर लहान स्पीकर जवळ ठेवणे हे मोठा लांब ठेवण्यापेक्षा केव्हाही चांगले. कोपऱ्यात तर मुळीच नको. तिन्ही बाजूंच्या भिंती-फरशीचा आधार मिळून खर्ज फुगतो, डग्ग्याचा घुमार 'बं-बं' होतो आणि बिचारी व्यंजने आणखीच झाकली जातात. मागच्या भिंतीपासून मीटरभर तरी पुढे घ्या. घरी पंचवीस माणसांना कीर्तन ऐकवायचे असेल तर उभ्या रांगेत पडदे बसवलेला, खांबासारखा स्पीकर बघा. तो आडवा पसरतो पण छताकडे आणि फरशीकडे फारसा जात नाही. अलीकडे खोली मोजून आवाज दुरुस्त करणारी यंत्रेही मिळतात. ती खर्जाचा फुगवटा कमी करतात, पण हवेत सुटलेला घुमारा कोणतेही यंत्र मागे बोलावू शकत नाही.

तेव्हा निम्मा पैसा स्पीकरला आणि निम्मा कापडाला, असा आम्ही निकाल केला. उंच स्पीकर एका मित्राच्या घरी गेले. त्याच्या घरात पुस्तकेच पुस्तके आहेत, तिथे ते उत्तम वाजतात. भिंतभर गालिचा मात्र घेतला नाही. मुळशीच्या पावसात तो चार महिने ओला राहील आणि त्याला बुरशी चढेल. पातळ सतरंजीचाही फार उपयोग नसतो. ती बारीक आवाज तेवढा पिते. आमच्या घरातून सूचना आली, की वाड्यातल्या गाद्या आणि लोड माळ्यावर बांधून ठेवले आहेत ते काढा. काढले. उन्हात घालून, नवे अभ्रे चढवून बैठक मांडली. काचेला चुण्यांचे जाड पडदे लावले. माझी पुस्तकांची कपाटे आतल्या खोलीतून दिवाणखान्यात आणली. समोरच्या भिंतीवर लाकडी चौकटीत कापूस भरून वर घोंगड्या ताणून बसवल्या; दिसायलाही त्या वाईट दिसत नाहीत. नवा हिशोब अठ्ठावीस-तीसने वाढून चाळिसाच्या घरात गेला आणि घुमारा पाऊण सेकंदाच्या खाली आला. रोखून बोलणाऱ्या लहान स्पीकरसाठी ते थेट आवाजाचे अंतर आता दोन मीटर झाले. स्पीकर बरोबर तेवढ्याच अंतरावर, कानाच्या उंचीला, अण्णांकडे तोंड करून ठेवले.

पहिल्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मला आतून रेडिओ ऐकू आला. चौथ्या की पाचव्या संध्याकाळी मी परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. रेडिओवर एक तरुण निवेदक गाण्याची ओळख करून देत होता. कोणत्या केंद्रावरून, ते मी इथे सांगणार नाही. अण्णा एकदम खुर्चीत पुढे सरकले आणि रागावून म्हणाले, "ऐकलंस का? 'चांदणे' म्हणताना याने 'चहा'तला 'च' लावला! अरे, 'चमचा'तला हवा. तुम्ही मराठी शिकवता तरी काय?"

मी पेपर बाजूला ठेवले आणि म्हटले, "अण्णा, मला ऐकू नाही आलं."